जेव्हा डॉक्टर विहिरीवर जायचे

"हवामान बदल, पर्यावरण हे सगळं ठीक आहे हो, पण तो काही आमचा विषय नाही. आमच्याकडे ओपीडीत मान वर करायला फुरसत नसते." जालन्यातल्या एका डॉक्टरांचं हे वाक्य. माणूस चांगला, रात्री-बेरात्री उठणारा. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण वाक्य डोक्यात राहिलं, कारण इतिहास वेगळंच सांगतो. आपल्याच महाराष्ट्रात, आपल्या भागाजवळच, डॉक्टरांनी पाणी, माती आणि झाडं हा आपला विषय मानला होता. त्यातून जे घडलं त्याची दखल जगाने घेतली. आपण मात्र विसरलो.

म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

मी राहतो मस्तगडला. जुन्या जालन्यातला हा भाग. इथली गढी १७२५ साली आसफजहाच्या हुकमावरून काबिलखानाने बांधली. पुढे तिथे नगरपालिकेची कचेरी आली. या गढीत एक मोठी विहीर आहे आणि तिच्या पोटात दालनं, ओवऱ्या काढलेल्या आहेत. पाण्याजवळ, जमिनीखाली, दगडाच्या आडोशाला बसायची सोय! मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा जागेची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको. मोती तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणायची व्यवस्थाही जुन्या जालन्यात होती. म्हणजे ऊन आणि पाणी हे जिवाशी जोडलेले विषय आहेत, हे तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कळत होतं. त्यासाठी त्यांना कुठल्या परिषदेला जावं लागलं नाही.

आता डॉक्टरांकडे येऊ.

सप्टेंबर १८९६. मुंबईतल्या मांडवी भागात माणसं तापाने फणफणून मरत होती. काखेत, जांघेत गाठी. डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. त्यांनी ठामपणे सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. व्यापारी शहरात असं बोलणं म्हणजे धंद्यावर पाणी. बंदर बंद पडेल, माल अडकेल, लोक पळतील. तरी ते बोलले. नुसतं निदान करून थांबले नाहीत. गटारं, अंधाऱ्या चाळी, उंदीर, सडलेला कचरा यांच्याकडेही त्यांनी बोट दाखवलं. पुढे १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रुंद रस्ते आले, हवा खेळेल अशी घरं बांधायची भाषा आली. त्याची सुरुवात दवाखान्यातल्या एका निदानातून झाली होती.

याच प्लेगची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. पुण्यात हेच काम सरकारी जबरदस्तीने झालं. घरात घुसणं, सामान बाहेर फेकणं, माणसं ओढून नेणं. त्यातून जो संताप उसळला त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. स्वच्छता चांगली, पण लोकांना न विचारता, त्यांचा मान न ठेवता केलेली स्वच्छता लोकांना शत्रू वाटते. पर्यावरणाच्या कामालाही हेच लागू आहे. वरून हुकूम आला की लोक मान हलवतात आणि पाठ फिरली की विसरतात.

आता आपल्या भागाजवळची गोष्ट.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. लग्नानंतर नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काम केलं. तिथे त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. जुलाबाचं मूल बरं करून घरी पाठवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच मूल तोच आजार घेऊन परत. औषध बरोबर, डॉक्टर बरोबर, मग चुकतंय कुठे? चुकत होतं ते घरात, पाणवठ्यावर, रिकाम्या डब्यात. दवाखान्याच्या भिंतीआत त्याला उत्तर नव्हतं.

दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन बसले. जामखेड म्हणजे बीडच्या सीमेला लागलेला कायम दुष्काळी तालुका. आपल्या अंबड-घनसावंगीच्या माणसाला तिकडचं माळरान परकं वाटणार नाही.

आणि लगेच पाऊस गेला. १९७१ पासूनच टंचाई, ७२ ला तर विचारू नका. आपल्या आईवडिलांच्या तोंडून ऐकलेला तो सुकडी, मिलो आणि रोजगार हमीच्या खडी फोडण्याचा काळ. आरोळे दाम्पत्य गावात जाऊन आरोग्याचं बोलायला लागलं तेव्हा लोक काय म्हणाले असतील? दवाखाना राहू द्या, आधी प्यायला पाणी द्या, खायला द्या. बहुतेक डॉक्टर इथे म्हणाले असते, "तो आमचा विषय नाही." हे दोघं म्हणाले, ठीक आहे, पाण्यापासून सुरू करू.

त्यांनी कूपनलिका घ्यायला सुरुवात केली. यात एक खुबी होती. पाणी शोधणाऱ्या माणसाला त्यांनी सांगितलं की दलित वस्तीतच जागा बघ. हापसा तिथे बसला. त्या दुष्काळात गावातल्या सगळ्यांना पाण्यासाठी त्या वस्तीत जावं लागलं. ज्यांना विहिरीला हात लावू देत नव्हते त्यांच्याच दारात गाव रांगेत उभं राहिलं. एका हापशाने जुलाब कमी केले आणि शिवाशिवीच्या भिंतीलाही भगदाड पाडलं. हे काम डॉक्टरांचं होतं, कुठल्या पुढाऱ्याचं नाही.

त्यानंतर शेतकरी मंडळं, बांधबंदिस्ती, पाणलोट, झाडं लावणं, परसबाग, शोषखड्डे अशी कामं वाढत गेली. आणि गावातल्याच बायका, बऱ्याचशा निरक्षर, त्यातल्या अनेक दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. कामाच्या सुरुवातीला त्या भागात हजारी १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत होती. पाच-सहा वर्षांत हा आकडा ५२ वर आला. इतक्या कमी वेळात! मोठं हॉस्पिटल बांधून नाही. पाणी, अन्न, स्वच्छता आणि गावातली एक जाणती बाई एवढ्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली या कामाची नोंद घेतली, १९७८ ला अल्मा आटाची परिषद झाली तेव्हा प्राथमिक आरोग्याच्या विचारामागे जामखेडसारखीच उदाहरणं होती. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. मेबलताई १९९९ ला गेल्या, रजनीकांत २०११ ला. काम अजून चालू आहे.

दुसरी गोष्ट नारूची. चाळिशीच्या पुढच्या मराठवाड्यातल्या माणसाला नारू माहीत असतो, निदान ऐकून तरी. पायातून हळूहळू बाहेर येणारा दोन-तीन फूट लांब पांढरा जंत. काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा, तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणाला. ऐन पेरणीत घरातला कर्ता आडवा. या रोगाला ना गोळी होती, ना लस. मग तो गेला कसा?

डॉक्टर बारवेवर गेले म्हणून गेला. नारूचा रोगी पायाची आग शमवायला बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो. जंत पाण्यात अळ्या सोडतो. त्या अळ्या पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, ते किडे आपण पाण्यासोबत पितो आणि वर्षभराने नवा नारू. ही साखळी कळल्यावर उपाय सोपा होता: पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, रोग्याला पाण्यात उतरू देऊ नका, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाट बसवा, हापसे द्या, पाण्यात औषध टाका. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा महाराष्ट्र बाधित सात राज्यांपैकी एक होता. शेवटचा रोगी १९९६ ला राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. एकही गोळी न देता देशातून रोग हद्दपार! प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, मलेरियावाले, नर्सबाई गावोगाव विहिरी मोजत फिरले त्याचं हे फळ.

मग मधे काय बिघडलं? माझ्या मते आपण डॉक्टरला हळूहळू केबिनमध्ये कोंडलं. दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. शिक्षण महाग झालं, कर्जं वाढली, सरकारी केंद्रं ओस पडली, खासगी दवाखाने चौकाचौकात उभे राहिले. पेशंटलाही केबिनमधलाच डॉक्टर आवडायला लागला. "सलाईन लावा डॉक्टर, अशक्तपणा आलाय" हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येतं. न लावलं तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा मीठ-साखरेचं पाणी पुरतं. सलाईनची एक बाटली म्हणजे प्लॅस्टिकची बाटली, नळी, सुई, पट्टी, हातमोजे. हे सगळं वापरून फेकायचं, मग गाडीतून न्यायचं, जाळायचं किंवा वाफेत निर्जंतुक करायचं. गरज असेल तर सलाईन जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही. पण हौसेची सलाईन खिशालाही महाग आणि हवेलाही.

हे केबिनचं वैद्यक कुठपर्यंत जातं याचं सर्वात दुखरं उदाहरण पुन्हा जामखेडच्या शेजारीच, बीडमध्ये. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ ला गाजलं. राज्य सरकारच्या समितीपुढे १३ हजारांहून अधिक बायकांचा आकडा आला. फडात धुवायला पाणी नाही, आडोसा नाही, आजारपणाची सुट्टी नाही, खाडा केला तर मुकादमाचा दंड. दुष्काळ पडला की मजूर वाढतात, मजूर वाढले की पालं वाढतात. पोटात दुखतं म्हणून बाई दवाखान्यात येते. तिथे दोन रस्ते असतात. एक, हिला पाणी का मिळत नाही हे विचारायचं. दोन, पिशवी काढून टाकायची. पन्नास वर्षांपूर्वी त्याच पट्ट्यात पहिला रस्ता चालून दाखवलेला होता.

आता आजच्या घडीला हा सगळा इतिहास का उगाळायचा? कारण ऊन आता पाहुणा राहिलेलं नाही.

१६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम, भर दुपारी उघड्या मैदानात लाखोंचा समुदाय. उष्माघाताने १४ जण गेले. कॅमेऱ्यांसमोर घडलं म्हणून मोजलं गेलं. पण जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या भट्टीसमोर उभा राहणारा कामगार, मोसंबीच्या बागेत दुपारी पाणी धरणारा गडी, वेचणीला गेलेली बाई, पत्र्याच्या खोलीत एकटी झोपलेली म्हातारी, यांचं काय? माणूस उन्हाने जातो आणि कागदावर लिहिलं जातं "हृदयक्रिया बंद पडून". अहो, हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते! मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात तात्काळ कारण आणि त्यामागचं मूळ कारण, दोन्ही लिहायची जागा असते. ती मूळ कारणाची ओळ भरणारा पेन फक्त डॉक्टरच्या हातात आहे. त्या ओळीत ऊन लिहिलं गेलं नाही तर सरकारदरबारी उन्हाने कोणी मेलंच नाही. मग पाणपोया, सावली, कामाच्या वेळा बदलणं यासाठी पैसा कोण देणार?

अहमदाबादने हे करून दाखवलंय. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर डॉक्टर आणि संशोधकांनी त्या महिन्यातले मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. हा आकडा समोर आल्यावर २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. आधी इशारा, दवाखान्यात बर्फ आणि खाटा तयार, बागा दुपारी उघड्या, मजुरांच्या वेळा बदललेल्या. आपल्या राज्यात नागपूरने २०१६ ला तसा आराखडा आणला. केंद्राचा हवामान बदल आणि मानवी आरोग्य हा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१९ पासून आहे. म्हणजे कागद आहेत. कागदाला पाय फुटायचे ते डॉक्टरांमुळे.

आणि एक कटू गोष्ट. दवाखाना स्वतःही हवा बिघडवतो. जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी ४.४ टक्के आरोग्यसेवेतून येतात, असं २०१९ चा अभ्यास सांगतो. आरोग्यक्षेत्र हा एक देश धरला तर तो जगात पाचव्या नंबरचा प्रदूषक ठरेल. भूल देण्याचा डेसफ्लुरेन नावाचा गॅस आहे, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २,५०० पट जास्त उष्णता धरतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये तो वापरातून काढला. दम्याच्या पंपातला गॅसही हजार पटींहून तीव्र. गंमत म्हणजे आपल्याकडे गरिबाला परवडते म्हणून मिळणारी रोटाकॅप, कॅप्सूल फोडून ओढायची ती, तिच्यात असा गॅसच नसतो. (पंपावर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. दमा बिघडून अॅडमिट होणं सगळ्यात महाग.)

इथे कोणी म्हणेल, काटकसर केली तर पेशंटच्या जिवाशी खेळ होईल. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय बघा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या एका मोतीबिंदू ऑपरेशनचा कार्बनचा बोजा ब्रिटनमधल्या तशाच ऑपरेशनच्या सुमारे ५ टक्केच आहे. अवजारं नीट निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, एकापाठोपाठ एक ऑपरेशनं, वाया काही घालवायचं नाही. आणि जंतुसंसर्गाचं प्रमाण कमीच. काटकसर ही आपल्या आजीची शिकवण, ती विज्ञानाच्या कसोटीवरही उतरली.

छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर पॅनल बसले. त्यामुळे लसीचा फ्रिज चालू राहतो, रात्रीची बाळंतपणं उजेडात होतात. मोबाईलच्या बॅटरीत बाळंतपण केल्याच्या गोष्टी मी बातमीदारीत किती ऐकल्यात. सौर पॅनल ही तिथे पर्यावरणाची चैन नाही, बाळंतिणीची गरज आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याचं काय झालं होतं ते इथल्या कोणाला सांगायला नको. टँकरमागे धावणारं शहर मी रोज लिहीत होतो. पण त्याच काळात घाणेवाडी तलावातला गाळ लोकवर्गणीतून निघाला. आणि त्याच वर्षी आपल्याच तालुक्यातल्या कडवंची गावात शेततळी आणि द्राक्षबागा टिकून होत्या, कारण तिथे १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं होतं. म्हणजे जालना जिल्ह्याला हे जमत नाही असं नाही.

आता तर आपल्याकडे सरकारी मेडिकल कॉलेज आलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं. दरवर्षी १०० पोरं-पोरी इथे डॉक्टर व्हायला येणार. ही पोरं काय बघून डॉक्टर होणार, हा माझा खरा प्रश्न आहे. एसी केबिन बघून, की कुंडलिका नदीचं गटार बघून? माझ्या मागण्या साध्या आहेत, कोणाच्याही खिशाला चाट नाही:

पहिल्या वर्षापासून मुलांना कडवंची आणि जामखेड दाखवा. मार्च ते जून प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यात उन्हाची ओळ प्रामाणिकपणे भरा, सरकारी असो की खासगी. शहराचा उष्णता आराखडा करताना टेबलावर डॉक्टर आणि आशाताई दोघंही असू द्या. सरकारी दवाखान्यांच्या छतावर सौर आणि खाली पावसाचं पाणी मुरवायची सोय करा. २०१६ च्या नियमाप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी खरोखर होते का, हे महिन्यातून एकदा बाहेरच्या माणसाला दाखवा. आणि आपण पेशंटांनी, डॉक्टर "सलाईनची गरज नाही" म्हणाले तर त्यांना कमी डॉक्टर समजणं बंद करू या.

डॉक्टरसाहेब, तुम्ही मोर्चे काढा असं कोणी म्हणत नाही. पण या गावात अजूनही कलेक्टरपेक्षा, पुढाऱ्यापेक्षा, आम्हा पत्रकारांपेक्षा तर नक्कीच, तुमच्या शब्दावर लोक जास्त विश्वास ठेवतात. तुम्ही चिठ्ठीवर "दुपारी १२ ते ४ काम बंद" लिहिलंत तर ठेकेदाराला ते डावलणं जड जातं. तुम्ही "या वस्तीतले जुलाब पाण्याचे आहेत" असं लिहून दिलंत तर नळाची फुटकी लाईन लवकर जोडली जाते. हे बळ आमच्या बातमीत नाही.

व्हिएगस बोलले, आरोळे विहिरीवर गेले, नारूवाल्या डॉक्टरांनी बारवा मोजल्या. यातल्या कोणीही हवामान बदल हा शब्द वापरला नव्हता. पेशंट पुन्हा पुन्हा का येतोय, एवढंच त्यांनी विचारलं. येत्या उन्हाळ्यात जालन्याच्या ओपीडीत तोच प्रश्न विचारायचाय.

तुमच्या ओळखीत डॉक्टर असतील, मेडिकलला शिकणारी पोरं असतील, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट जाऊ द्या. पटली नाही तर खाली भांडा, पण मुद्द्यावर भांडा.